बस मागे घ्यायची नाही

तिबेरिउने उठून समोरच्या काचेचा पडदा खाली ओढला. ऊन नव्हतं, आभाळ भरून आलेलं होतं. ड्रायव्हर गोगूने पडद्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा स्टिअरिंगवर हात ठेवले. पडदा अर्ध्यावर अडकला. आता तिबेरिउला बाहेरच्या माणसांचे फक्त पाय दिसत होते, आणि बाहेरच्यांना त्याचा क्लबचा कोट आणि टाय. चेहरा तेवढा झाकला गेला, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

बसपुढे प्रेतयात्रा उभी होती.

हायवेवरचा पूल दुरुस्तीला काढला होता म्हणून पोलिसांनी सगळी वाहतूक पोयेन गावातून वळवली. तिबेरिउ तेव्हा झोपला होता. जागा असता तर त्याने गोगूला डोंगराला वळसा घालून न्यायला लावलं असतं, पण या गावात पाऊल टाकू दिलं नसतं. डोळे उघडले तेव्हा गर्दी टाळायला गोगूने बस चर्चच्या मागच्या बोळात घातलेली होती, दोन्ही अंगांना बागांच्या दगडी भिंती, आणि समोरून पाद्री, झेंडे, मेणबत्त्या आणि शवपेटी.

पेटीत सिमिऑनकाका होते. आमच्या खाणीच्या पट्ट्यात ज्याने कोणी कधी चेंडूला पाय लावला, त्या प्रत्येकाचे ते काका. तिबेरिउला त्यांनीच घडवलं. खाणीच्या टीममधून तो बुखारेस्टला गेला, देशाकडून खेळला, तुर्कस्तानात खेळला, आणि पाय थकल्यावर मॅनेजर झाला. मग या क्लबातून त्या क्लबात. आमच्याकडे मॅनेजरला ठेवतात ते काढण्यासाठीच. हिवाळ्यात हार घालतात आणि वसंतात बॅग हातात देतात. फिरत फिरत तो पुन्हा आमच्याच खाणीच्या क्लबात येऊन पोचला होता. आज संध्याकाळी अरादला शेवटची मॅच. जिंकले तर टिकले, नाहीतर क्लब खालच्या लीगमध्ये आणि तिबेरिउ घरी. या वयात दुसरं कोणी त्याला विचारणार नव्हतं, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

काकू, म्हणजे सिमिऑनकाकांची बायको सावेता, तिने गुरुवारी फोन केला होता. शनिवारी दुपारी नेणार आहोत म्हणाली. पेटीचा उजवीकडचा पुढचा कोपरा तिबीने धरावा असं ते सांगून गेलेत.

"काकू, आम्ही उद्याच अरादला चाललोय," तो म्हणाला होता. "हॉटेलात राहणार सगळे. पोरांना टाकून येता येत नाही."

हॉटेल कसलं आणि काय. मॅचच्या दिवशी खांद्यावर प्रेत घ्यायला तो घाबरला होता, एवढंच खरं. काकू 'बरं' म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मागच्या सीटांवर पोरांची कुजबुज सुरू झाली.

"पाद्री आडवा आला रे," गोलकीपर रारेश सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाला. "संपलं. आज तीन गोल खाणार मी."

"पाद्री नसतो तेव्हा काय कमी खातोस?"

"गप्प बसा," तिबेरिउ मागे न बघता म्हणाला.

गोगूने घसा खाकरला. "मास्तर, विहिरीपाशी रस्ता रुंद आहे. तिथवर मागे घेतली तर ते निघून जातील."

"नाही."

"ही काय, इथेच आहे विहीर."

"गोगू, नाही म्हणालो ना?"

गोगूने स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. मॅचला निघालेली बस मागे घ्यायची नाही, हा तिबेरिउचा नियम अख्ख्या देशाला माहीत होता. टीव्हीवर त्याची त्यावरून थट्टा व्हायची, आणि तो अभिमानाने सांगायचा, माझ्या गुरूने शिकवलंय हे. एकदा एका क्लबात ड्रायव्हरने पेट्रोलपंपावर बस हातभर मागे घेतली. ती मॅच हरले आणि सोमवारी त्या ड्रायव्हरला घरी पाठवलं. तो ड्रायव्हर गोगूच्या ओळखीचा होता.

चर्चचा माणूस खिडकीशी आला. काळा कोट, हातात घंटा, तोंडाला आलुबुखाराच्या दारूचा वास.

"मागे घ्या की राव."

"मॅचला जाताना आमची बस मागे जात नाही," गोगू म्हणाला. बिचाऱ्याला स्वतःलाच कसंतरी झालं.

"आमचं प्रेतही मागे जात नाही. उलटं फिरवलं तर घरातलं आणखी एक माणूस ओढून नेतं."

"मग आता?"

"आता काय, बसा."

तो गेला. पडद्याखालून तिबेरिउला दिसलं की बायकांनी दोन स्टुलं पुढे आणली आणि पेटी त्यांवर टेकवली. उचलणाऱ्यांचे बूट मोकळे होऊन इकडेतिकडे झाले. डाव्या पायाने फेंगडा चालणारा तो याकोब, तिबेरिउच्या वेळचा गोलकीपर. ते पाय तिबेरिउने कुठेही ओळखले असते. माणसं वाट बघत होती. कोणी ओरडत नव्हतं, कोणी शिवी देत नव्हतं. एखाद्याने शिवी घातली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मग जुने काळे बूट बसच्या दाराकडे येऊ लागले. तिबेरिउने मोबाइल काढून कानाला लावला. पलीकडे कोणी नव्हतं.

गोगूने दार उघडलं. काकू एक पायरी चढली आणि दांडा धरून थांबली. डोक्याला काळा रुमाल, चेहरा रडून रडून सुजलेला, पण आवाज नेहमीचा.

"तिबी, अराद इतकं जवळ आलं होय रे?"

त्याने मोबाइल खिशात ठेवला. उभा राहिला. "काकू," म्हणाला, आणि कोटाचं बटण लावलं. मग म्हणाला, "पूल बंद होता."

"हो, कळलं. पूल बंद होता म्हणून आलास."

मागच्या बिया फोडण्याचा आवाज थांबला.

"बस का मागे घेत नाहीस?"

इथे तरी गप्प बसावं की नाही माणसाने. पण भीती मोठी वाईट असते. तिबेरिउ म्हणाला, "काकू, काकांचाच नियम आहे हा. तुम्हाला माहीतच आहे. त्यांनीच आम्हाला शिकवलं. आज त्यांच्याच दिवशी मी मोडू कसा?"

काकूने त्याच्याकडे बघितलं. वर्गात चड्डी ओली केलेल्या पोराकडे बघावं तसं. मग ती आणखी एक पायरी वर आली आणि हलक्या आवाजात बोलू लागली. पण बस इतकी गप्प होती की शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जात होतं.

"तिबी, त्या बसला रिव्हर्स गिअरच नव्हता."

"काय?"

"खाणीची ती हिरवी बस. तिचा गिअर मोडला होता. तेव्हा कसले मिळतायत पार्ट? डायरेक्टर म्हणायचा, पुढे जाते ना, मग झालं. तुमच्या काकांना लाज वाटायची. शहरातल्या पोरांपुढे खेळायला चाललेत आणि यांची बस धड मागेही जात नाही, हे पोरांना कसं सांगू म्हणायचे. म्हणून ते सांगितलं तुम्हाला. मॅचला निघालेली बस मागे घ्यायची नाही. तुम्हाला पटलं. तुम्ही जिंकायला लागलात."

तिबेरिउने सीटची पाठ धरली.

"तू टीव्हीवर सांगायचास तेव्हा ठसका लागेपर्यंत हसायचे," काकू म्हणाली. "मला म्हणायचे, सांगू नकोस त्याला, चाललंय त्याचं तर चालू दे. मग त्या ड्रायव्हरचं पेपरात आलं. त्या दिवसापासून हसले नाहीत. माझ्या खोटेपणाने एका माणसाची चूल बंद केली म्हणायचे. हिवाळ्यात तुला फोन करत होते ते त्यासाठीच. तू उचलला नाहीस."

उचलला नव्हता. टेबलावर मोबाइल थरथरत होता, काकांचं नाव दिसत होतं, आणि समोर बसलेल्या माणसाला 'तिकिटं हवी असतील म्हाताऱ्याला' असं म्हणून त्याने मोबाइल उलटा ठेवला होता. एकदा नाही, दोनदा. आता ते आठवून त्याच्या मानेपासून कानांपर्यंत आग झाली. पोरं बघतायत हे त्याला पाठीनेच कळत होतं.

"मी त्यांना मागे नेणार नाही," काकू पायऱ्या उतरत म्हणाली. "तुझं तू बघ."

दार उघडंच राहिलं. बाहेरून मेणबत्त्यांचा वास आत आला.

"गोगू," तिबेरिउ म्हणाला, "मागे घे."

"मास्तर?"

"मागे घे म्हणालो."

गोगूचा हात गिअरवर गेला. मग बस टीं टीं करत मागे सरकू लागली. रारेशने छातीवर क्रूसाची खूण केली, मग त्याच्या शेजारच्याने, मग सगळ्यांनीच. तिबेरिउने पडदा वर ढकलला. तो एवढा सरळ वर गेला की अडकलाच कसा होता कोण जाणे.

बस मागे जात होती आणि यात्रा तिच्या तोंडासमोर चालत पुढे येत होती. मध्ये थोडंच अंतर. आमच्याकडे पेटीचं झाकण दफनभूमीत पोचल्यावर लावतात, आणि बसची सीट उंच. त्यामुळे तिबेरिउला आत दिसत होतं. काकांचा नवा कोट गळ्याशी सैल झाला होता. केस कोणीतरी उलट्या बाजूला विंचरले होते. पाद्री, याकोब, झेंडे धरलेली माणसं, काळ्या रुमालांच्या बायका, सगळे काचेतून त्याच्याकडे बघत चालत होते. दुसरीकडे बघायला जागा नव्हती. टीं टीं आवाजाच्या तालावरच जणू अख्खं गाव पावलं टाकत होतं. तिबेरिउला वाटलं, ही विहीर कधी येणारच नाही.

विहिरीशी गोगूने बस कडेला घेतली. यात्रा शेजारून पुढे जाऊ लागली तेव्हा तिबेरिउ खाली उतरला. उजवीकडचा पुढचा कोपरा एका लठ्ठ माणसाने धरला होता. तो पोस्टातल्या बाईंचा मेव्हणा; जन्मात कधी चेंडूला लाथ मारली नसेल त्याने.

"द्या, मी घेतो," तिबेरिउ म्हणाला.

मेव्हण्याने याकोबकडे पाहिलं. याकोबने मान वळवली नाही.

"आता राहू दे, तिबी. उंची बघून लावलेत सगळे," तो म्हणाला. "सकाळपर्यंत ठेवली होती तुझी जागा."

तिबेरिउ त्यांच्या शेजारून थोडा चालला. मोकळे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. खिशात घालावेत तर तेही बरं दिसेना. मागून काकूचा आवाज आला.

"तिबी, झाम्फिराच्या हातातलं ते स्टूल घे. तिची कंबर दुखते."

त्याने स्टूल घेतलं. दुसरं एका शाळकरी मुलीच्या हातात होतं. क्रूस उभा होता त्या तिठ्यावर यात्रा थांबणार होती; आमच्याकडे प्रत्येक तिठ्यावर पेटी टेकवून प्रार्थना करतात. दोघं पुढे पळत गेली. मुलीने तिचं स्टूल झटकन ठेवलं. त्याचं मात्र खडबडीत जमिनीवर डुगडुगायला लागलं. पेटी तर खाली येतच होती. तो क्लबच्या कोटासकट चिखलात गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी स्टुलाचा पाय घट्ट दाबून धरला.

पेटी टेकली. पाद्रीने प्रार्थना सुरू केली. तिबेरिउच्या डोक्यावर, हाताच्या अंतरावर, फळीपलीकडे काका होते. मागे विहिरीशी बसचं इंजिन चालू होतं, पोरं खिडक्यांतून बघत होती, अरादला अजून बरंच जायचं होतं. त्याने मान वर केली नाही.

प्रार्थना संपली. उचलणाऱ्या सहाही जणांनी वाकून पेटी उचलली आणि ते चालू लागले, त्यांच्यामागे बायका, त्यांच्यामागे उरलेलं गाव. तिबेरिउ स्टुलाचा पाय धरून तसाच बसून होता. शेवटी तो घंटावाला माणूस मागे आला आणि त्याने त्याच्या खांद्याला बोट लावलं.

"मास्तर, उठा," तो म्हणाला. "स्टूल पुढच्या तिठ्यावर लागेल."