शर्यतीसाठी काढलेली मागची सीट

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. गाडीची, आणि तीही मागची. पुढच्या सीटांना जो मान असतो, तो माझ्या वाट्याला कधी आला नाही. त्या पुढेमागे सरकतात, पाठ हवी तशी कलती करतात, आणि त्यांचा तोरा तर विचारूच नका. मी आपली जिथे बसवली तिथे बसले. आता तर मी गाडीतही नाही. ओमानमधल्या सहम गावाबाहेर एका शेताच्या कडेला बोरीच्या झाडाखाली माझा मुक्काम आहे. इथले लोक या बोरीला सिद्र म्हणतात. समोर मातीचा छोटा लंबगोल ट्रॅक आहे आणि त्याच्या आतल्या कडेने पिवळे ड्रम उभे आहेत. या ट्रॅकवरची पहिलीवहिली शर्यत मी इथूनच पाहिली. ती सांगण्याआधी मी इथे कशी आले ते सांगते.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. साच्यात फोम ओतला गेला, त्यावर बारीक निळ्या रेघांचे राखाडी कापड चढले, आणि एका साध्या चार दारांच्या गाडीत बसून मी बोटीने मस्कतला आले. ती गाडी देवानंद आणि गिरिजा या जोडप्याने घेतली. दोघे मूळचे पिंपरीचे. देवानंद मस्कतच्या कुरुम भागातल्या एका ऑफिसात इंजिनियर होता आणि घर वादी अदाईला होते. आयुष्यातली पहिली नवी गाडी! त्याला तिचे इतके अप्रूप की माझ्यावरचे प्लॅस्टिक तो काढेचना. मस्कतच्या उन्हाळ्यात त्या प्लॅस्टिकवर बसणाऱ्याचे काय होत असेल, विचार करा. पाहुणे उठताना टर्रकन आवाज व्हायचा आणि सगळे दुसरीकडे बघायचे. शेवटी लहानगी रचना हॉस्पिटलातून घरी यायची होती, त्या दिवशी गिरिजाने नर्सकडून कात्री मागून आणली आणि पार्किंगमध्येच ते प्लॅस्टिक टराटरा कापून काढले. बाळाला घाम येईल, एवढेच म्हणाली. मला तेव्हा पहिल्यांदा वारा लागला.

ती माझी सुखाची वर्षे होती. रचनाचे दूध, बिस्किटांचा चुरा, रंगीत खडू, सगळे माझ्या अंगावर सांडले. एका बुद्धपौर्णिमेला कार्यक्रमाला न्यायचे खिरीचे पातेले माझ्यावर ठेवले होते. देवानंदने करकचून ब्रेक मारला आणि अर्धी खीर माझ्या पोटात गेली. तो डाग अजून आहे. गिरिजाने तो किती वेळा घासला, पण मला तो कधी खटकला नाही. एखाद्या घरात आपण मुरलो आहोत हे डागावरूनच तर कळते.

मग गिरिजाने गाडी शिकायला घेतली. या देशात लायसन हवे असेल तर आधी ड्रमची परीक्षा द्यावी लागते. मोकळ्या मैदानात ड्रम उभे करतात आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत गाडी उलटी घालायची. ड्रमला नुसता धक्का लागला तरी नापास. गिरिजाला शिकवायला शहनाज नावाची बाई होती. ती सहमची, घरी बलुची बोलणारी, आणि आपल्या लोकांशी छान हिंदी बोलायची. पिवळे ड्रम तिचेच. गिरिजा नापास व्हायची, पुन्हा जायची, पुन्हा नापास व्हायची. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सराव करून घ्यायला देवानंद बरोबर जायचा आणि शेजारी बसून वैतागायचा. एवढा मोठा ड्रम डोळ्यांना दिसत कसा नाही, असे त्याचे म्हणणे. शेवटी गिरिजा पास झाली. तोवर त्या ड्रमांच्या कुठल्या पोच्याला कुठून ऊन लागते हेसुद्धा तिला पाठ झाले होते. बिल्डिंगभर पेढे वाटले गेले आणि डबा माझ्यावर होता.

तो आनंद फार टिकला नाही. कुरुमच्या चढावर सिग्नलला गाडी बंद पडली आणि किंचित मागे घसरली. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट केला. माझ्यावर बसलेली रचना रडू लागली. शेजारून देवानंदने हँडब्रेक खेचला आणि ओरडला, "उतर. तू आधी खाली उतर." कुणाला काही लागले नव्हते, गाडीवर ओरखडाही नव्हता. गिरिजा उतरली. पण फिरून पलीकडच्या पुढच्या सीटवर जाण्याऐवजी तिने मागचे दार उघडले आणि रचनाला जवळ घेऊन माझ्यावर बसली.

त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. कुठेही जायचे असो, ती मागेच बसायची. लायसन पर्समध्ये आणि ती माझ्यावर. देवानंदला आपले चुकले हे कळत होते, ते मला त्याच्या मानेवरून दिसायचे. पण बोलून दाखवणे त्याला कधी जमले नाही. मला तर तिची सोबत हवीच होती. तिचे उसासे मात्र ऐकवत नव्हते.

रचना दहा वर्षांची झाली तेव्हा घरी नवी गाडी आली. आमच्या गाडीचे काय करायचे असा प्रश्न पडला, तेव्हा देवानंदच्या ऑफिसातला आदिल पुढे आला. आदिल हा शहनाजचा धाकटा भाऊ. सहमला त्यांचे वडिलोपार्जित शेत होते. विहिरीचे पाणी खारट झाले, खजुराची झाडे वाळून गेली आणि जमीन नुसती पडून राहिली. ती रोलरने दाबून आदिलने तिथे ट्रॅक केला होता. घरगुती वापराच्या साध्या जुन्या गाड्या, आतून रिकाम्या केलेल्या, आणि त्यांची शर्यत. अशी शर्यत त्या भागात कुणी पाहिली नव्हती. ड्रम शहनाजने आणून दिले, कारण शिकवण्याचे काम मस्कतहून आता तिने सहमला हलवले होते. जुनी गाडी भंगारात कशाला घालतोस, आपण पळवू, असे आदिल म्हणाला आणि देवानंदचे डोळे चमकले.

शर्यतीच्या गाडीत ड्रायव्हरची तेवढी एक सीट ठेवतात. बाकी सगळे ओझे. माझे बोल्ट सोडवले गेले, मला चौघांनी उचलले आणि या बोरीखाली आणून टेकवले. काचा काढल्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा जोडला, दारावर पांढऱ्या रंगाने आकडा काढला. मित्रांनो, इतकी वर्षे मी त्या गाडीत होते, पण तिला बाहेरून मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. किती लहान होती ती! छतावरचा रंग उडालेला, मागच्या दाराला पोचा. आपले माणूस आपल्याला अचानक म्हातारे दिसावे तसे झाले.

शुक्रवारची सकाळ होती. सगळे सहम लोटले होते. गिरिजा माझ्यावर बसून फोनवर पिंपरीला आईशी बोलत होती, म्हणून मला सगळे कळले. मस्कतजवळच्या अमरातमधल्या एका कंपनीने तिला ड्रॉइंग ऑफिसात नोकरी देऊ केली होती. लग्नाआधी केलेला सिव्हिलचा डिप्लोमा इतक्या वर्षांनी कामाला येणार होता. पण अमरात होते डोंगरातल्या खिंडीच्या पलीकडे आणि देवानंदचे ऑफिस बरोबर उलट्या दिशेला. स्वतः गाडी चालवली तरच जमण्यासारखे होते. उत्तर रविवारी द्यायचे होते. "नाहीच म्हणून सांगणार आहे मी," ती आईला म्हणाली आणि फोन ठेवून तिने माझ्या खिरीच्या डागावर उगाच बोट फिरवले.

शर्यतीचा नियम सोपा होता. ट्रॅकला डावीकडे वळत फेऱ्या मारायच्या आणि ड्रम पाडला की बाद. प्रत्येक गाडीला दोनदा संधी, ड्रायव्हर बदलला तरी चालेल. ड्रमांवर लक्ष ठेवायला शहनाज स्वतः वळणावर उभी होती. पहिल्या वेळेला देवानंद बसला. निघण्याआधी त्याने रचनाला ऐटीत सांगितले की ड्रमाला चिकटून वळायचे, त्यात काही विशेष नाही. झेंडा पडला, धूळ उडाली, आणि दुसऱ्याच वळणावर त्याने ड्रम उडवला. ड्रम गडगडत ट्रॅकभर फिरला. मागून येणारी गाडी आमच्या गाडीच्या डिकीवर आदळली, स्टिअरिंग फिरले आणि देवानंदचे मनगट मुरगळले. लोक पोट धरून हसले. मलाही हसू आले असते, पण गाडी माझी होती.

मनगटाला फडके बांधून तो परत आला आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसला. आता दुसऱ्या वेळेला गाडी कोण चालवणार, असे आदिल विचारत होता. तेवढ्यात शहनाज वळणावरून चालत आली. ती देवानंदकडे गेली नाही. ती माझ्यापाशी आली आणि गिरिजाला म्हणाली, "ये ड्रम मेरे हैं, गिरिजा. तुम इनको मुझसे अच्छा पहचानती हो. यल्ला, चलो."

गिरिजाने मान हलवली. हात मांडीखाली दाबून धरले. तेव्हा रचना तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "मम्मा, आत ओन्ली एकच सीट आहे. पप्पा ओरडायला येऊच शकत नाहीत."

गिरिजाला हसू फुटले. हसता हसता डोळ्यांत पाणी आले, आणि ती माझ्यावरून उठली. इतकी वर्षे मी तिला सांभाळले होते. आज त्या गाडीत शेजारी कुणी नव्हते, आणि मागे पळून यायला मीही नव्हते.

हेल्मेट तिला मोठे होत होते. झेंडा पडला तेव्हा गाडी जरा अडखळली. माझा फोमसुद्धा आक्रसला. मग ती निघाली, सगळ्यांच्या मागून, बाजारात भाजी आणायला निघाल्यासारखी. पुढच्या गाड्या अख्खी फेरी पुरी करून पुन्हा तिच्या मागे येऊ लागल्या. कुणीतरी शिट्टी मारली. पण वळण आले की बघावे! ड्रमाच्या इतक्या जवळून जायची की शहनाज पुढे वाकून बघायची, आणि ड्रम जागच्या जागी. इतरांचे मात्र एकेक ड्रम पडू लागले. घाई केलेले बाद झाले, एकमेकांवर आदळलेले बाद झाले. रचना चपला घालून माझ्यावर उभी राहून उड्या मारत होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा चपलांचे वाईट वाटून घेतले नाही. हळूहळू गिरिजाचा वेग वाढला. काच नसलेल्या खिडकीतून तिची ओढणी बाहेर येऊन फडफडत होती.

शर्यत तिने जिंकली नाही. शेवटपर्यंत टिकलेल्या तीन गाड्यांत ती तिसरी आली. पण संपल्याचा झेंडा पडला तरी ती थांबली नाही. बाकीचे दोघे थांबले, धूळ बसली, आणि आमची गाडी एकटीच अजून एक फेरी मारून आली. तिला कुणी अडवले नाही.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. नवी गाडी इथेच बोरीपाशी उभी होती. धुळीने माखलेली गिरिजा सवयीने मागच्या दाराशी गेली आणि तिने कडीवर हात ठेवला. माझा जीव खालीवर होऊ लागला. दिवसभर झाले ते एका बाजूला आणि हे दार दुसऱ्या बाजूला. देवानंद पुढे आला. त्याने दुखऱ्या हाताने किल्ली तिच्यासमोर धरली आणि तो म्हणाला, "मी मागे बसतो. तिथून हँडब्रेकला हात पोचत नाही."

तो खरेच मागे बसला. रचना त्याच्या शेजारी. गिरिजा किल्ली घेऊन पुढे स्टिअरिंगसमोर जाऊन बसली. गाडी वाळक्या खजुरांच्या बाजूने डांबरी रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली. रविवारी तिने अमरातला होकार कळवला, हे मला पुढच्या शुक्रवारी कळले.

मला परत न्यायचे राहूनच गेले. न्यायचे तरी कुठे? त्यांच्या नव्या गाडीला तिची मागची सीट होती. सुरुवातीला शर्यती बघायला आलेले लोक माझ्यावर बसायला भांडायचे. पुढे पलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला कुणी विचारेना. शेळ्यांनी माझी एक कड कुरतडली. उन्हाने निळ्या रेघा पुसून गेल्या. दोन पावसाळी वादळे मी अंगावर काढली. एकदा मला जाळायला निघाले होते, तेव्हा शहनाज आडवी आली. मला खूप एकटे वाटायचे, ते लपवून काय करू?

आता रचना मोठी झाली आहे आणि गाडी शिकते आहे. परवा ती ड्रमच्या परीक्षेत नापास झाली. शुक्रवारी तिघे इथे आले. रचना गुडघ्यांत डोके घालून माझ्यावर बसली. गिरिजाने तिला उपदेश केला नाही. कोपऱ्यातली आमची म्हातारी शर्यतीची गाडी अजून सुरू होते, तिची किल्ली तिने लेकीच्या हातात दिली. गाडीत अजूनही एकच सीट आहे.

रचना गाडी घेऊन ट्रॅकवर गेली, आणि गिरिजा व देवानंद दोघे माझ्यावर बसून बघत राहिले. पहिल्याच वळणावर ड्रम पडला. देवानंद उठू लागला. गिरिजाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो पुन्हा टेकला. रचना गाडीतून उतरली, तिने ड्रम आपल्या हाताने उभा केला आणि ती पुन्हा आत जाऊन बसली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी काही नवे शिकत असेल, तर त्याच्या मागे बसा आणि हँडब्रेकपासून हात लांब ठेवा. आणि कधी सहमकडे आलात, तर घरातली एखादी जुनी चादर माझ्यावर टाकून जा. शेळ्यांचा फार त्रास होतो, आणि शुक्रवारी त्या दोघांना बसायला जागा लागते.