एकतीस मार्चची केशरी बंडी

"बाई, त्या खिडकीत बसत नोका जाऊ," प्रयागबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "रोज दिसनाऱ्या मानसाचा घोर लागते मंग."

प्रयागबाई शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. त्यांचे यजमान रस्त्याच्या खात्याचा रोलर चालवायचे. मी हसले. अकोल्याच्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली मी, घोर कसा लागतो ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. "मावशी, लेकराला उजेड लागतो," म्हणाले आणि मितूला मांडीवर घेऊन खिडकीतच बसले.

आमचं क्वार्टर वऱ्हाडातल्या मालेगावच्या अगदी टोकाला, वाशीमच्या रस्त्याला लागून. खिडकीतून बाभळीचं वळण दिसायचं, आणि वळणावर जगदेव. तो खात्याचा गँगमजूर. पुढ्यात डांबराचा डबा, बाजूला गिट्टीचा ढीग, आणि उकिडवं बसून खड्डे बुजवणं. माणूस ठार बहिरा. खाणीत काम करत असताना एक सुरुंग वेळेआधी उडाला, तेव्हापासून. मला पाहिलं की "जयभीम बाई!" असं इतक्या जोरात म्हणायचा की मितू दचकून रडायला लागायची. ट्रकचा हॉर्न मात्र त्याच्या लेखी नव्हताच.

त्याची बायको गोजराबाई रोजंदारीवर होती. ती मागून गिट्टी टाकायची, आणि गाडी आली की त्याच्या शर्टाचा मागचा घोळ ओढायची. जगदेव मान वर न करता बाजूला सरकायचा, गाडी गेली की परत जागेवर. त्या ओढण्याने त्याचा शर्ट मागून वीतभर लांब झाला होता. मितू नुकती रांगायला लागलेली. उंबऱ्यात मी पाट आडवा लावून ठेवायची, तरी रस्त्यावर गाडी वाजली की आधी पोरीकडे बघायची आणि मग वळणाकडे. गोजराबाईचा हात शर्टाला लागलेला दिसला की घास मितूच्या तोंडात घालायची. प्रयागबाई म्हणाल्या तसं झालंच होतं, पण मी कबूल करत नव्हते.

अशात मार्च उजाडला.

आमचे हे रस्त्याच्या खात्यात ओव्हरसियर. दिवाळीच्या सुमारास वरून एक परिपत्रक आलं होतं. रस्त्यावर काम करणाऱ्या प्रत्येक मजुराने दुरून स्पष्ट दिसेल अशी केशरी बंडी परिधान करावी. कुठेतरी एक मजूर ट्रकखाली गेला होता म्हणे, त्यावरून. मला तर परिपत्रक काढणाऱ्याचे पाय धरावेसे वाटले. पण परिपत्रक दिवाळीत आलं आणि पैसे आले मार्चमध्ये. एकतीस तारखेच्या आत बंड्या घेतल्या नाहीत तर ग्रँट परत. 'ग्रँट परत गेली' हे आमच्याकडे घरातलं माणूस गेल्याच्या आवाजात सांगतात.

"अहो, पण यंदा जगदेवला बंडी मिळेल ना नक्की?" मी विचारलं.

"अंजू, बंडीचं नंतर बघू. आधी खर्च झाला पाहिजे."

अकोल्याच्या वरच्या ऑफिसातून मंजूर नमुना आला. बाहेरून केशरी पॉपलिन, आतून घडी राहावी म्हणून मातकट मांजरपाट, बाजूला बांधायला नाड्या. नमुन्याला लाखेचं सील होतं आणि सोबत सूचना होती: नमुना धुऊ नये, चुरगळू नये, उन्हात ठेवू नये. मी ती दोनदा वाचली. रस्त्यावरच्या माणसाच्या बंडीला उन्हाचं पथ्य होतं.

कापडासाठी हे मालेगावची दुकानं फिरले, वाशीमला गेले. दुकानदार सगळीकडे एकच सांगत. "सायब, लग्नसराई हाय. केशरी सारा फेट्याईले गेला." शेवटी मंगरूळपीरला एका दुकानात ताग्याचे तागे मिळाले. शिंप्याकडे नवरीच्या चोळ्या पडलेल्या होत्या, त्या बाजूला सारून त्याने बंड्या शिवल्या. पहिली बंडी घेऊन हे संध्याकाळी घरी आले आणि शर्टावर चढवून म्हणाले, "मी वळणावर जातो. तू खिडकीतून बघ, दिसतो का."

हे वळणावर जाऊन उभे राहिले. हात ताठ, चेहरा फोटोला बसल्यासारखा. वाशीमची एस. टी. जाताना सगळी बस खिडक्यांतून वाकून बघत गेली. मी मितूचा हात धरून हलवला. ते आणखी मागे गेले, बाभळीच्या पार पलीकडे. तरी झेंडूच्या फुलासारखे ठळक दिसत होते.

प्रयागबाई बाहेर आल्या. "सायब कायचं नाटक करून राह्यले वो?"

"दिसतात का ते बघतेय, मावशी."

"आता दिसतात! तुमी लगनाच्या आंधी पाहाचं होतं."

पण मला इतकं हलकं त्या महिन्यात कधी वाटलं नव्हतं. पोरीला त्या रात्री दोनदा गाणं म्हटलं.

एकतीस मार्चला बिलं गेली आणि ऑफिसच्या अंगणात बंड्या वाटल्या. सगळ्यांनी चढवल्या, ह्यांच्या साहेबांनी एका नजरेत पाहून घेतल्या. नमुन्याशी तंतोतंत. मग स्टोअरचे कारकून पंजाबराव पायरीवर उभे राहिले.

"आयका! बंडी सरकारी हाय. मयली तं धुवा, फाटली तं मले दाखवा. पन डांबराचा एक टिपका जरी दिसला, तं किंमत पगारातून कापीन. डांबर धुतल्यानं जात नाई."

डांबराचं काम करणाऱ्या माणसांना डांबराबद्दल ही माहिती देऊन ते खाली उतरले. जगदेवला अर्थातच काही ऐकू आलं नाही. गोजराबाईने त्याला खुणा करून समजावलं. बोटाने बंडीवर ठिपका दाखवला, मग त्याचा खिसा कापून दाखवला. जगदेवने गंभीरपणे मान हलवली. खात्याचं म्हणणं इतकं नीट त्याला पहिल्यांदाच कळलं असावं.

दुसऱ्या दिवसापासून रोजंदारीच्या बाया बंद झाल्या. जुनं वर्ष संपलं, नव्या वर्षाचे पैसे यायचे होते. गोजराबाई हळदीच्या कामाला केनवडला बहिणीकडे गेली. मी मनाला म्हटलं, असू दे. आता बंडी आहे.

मितूला भरवायला खिडकीत बसले. वळणावर केशरी काहीच नव्हतं. जगदेव रजेवर असेल असं वाटलं. मग बाभळीशेजारचा गिट्टीचा ढीग हलला, उठून उभा राहिला, डबा उचलून दोन हात पुढे गेला आणि पुन्हा ढीग झाला.

पोरीला कडेवर घेऊन मी वळणावर गेले. जगदेवने बंडी उलटी घातली होती. मांजरपाट वर, केशरी आत. धुळीत, उन्हात तो कपडा आणि रस्ता यांच्यात नखाएवढा फरक नव्हता.

"जयभीम बाई!"

मी हाताने खूण केली, उलट करा, उलट.

तो खूश होऊन हसला. बंडीचा पदर उचलून आतलं केशरी मला दाखवलं. "पाहा! येक टिपका नाई! नवी कोरी. चौदा तारखीले जयंतीच्या मिरवनुकीत घालतो!"

मी ओठ ताणून, एक एक शब्द सुटा करून म्हणाले, "जगदेवभाऊ, गाडीवाल्याला दिसायला पाहिजे!"

ते त्याला कळलं. त्याने विचार केला. "गाडीचा भेव नाई बाई. गाडी येते अन् निंघून जाते. पंजाबराव कुठी जाते?"

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं.

"घातली आहे ना पण त्याने?"

"उलटी घातली आहे."

"परिपत्रकात परिधान करावी असं आहे. परिधान केलेली आहे." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "बरं, बोलतो पंजाबरावांशी."

बोलले. पंजाबरावांचं म्हणणं होतं, सुलटी घालायचा लेखी हुकूम द्या, आणि त्यातच डांबर लागल्यास वसुली करू नये असंही लिहा.

"मग द्या की लिहून!"

"मला तेवढा अधिकार नाही. अकोल्याला विचारलंय."

अकोल्याचं उत्तर यायच्या आत ट्रक आला.

भर दुपार होती. रस्ता पाण्यासारखा हलत होता. वाशीमकडून कापसाच्या गाठींचा ट्रक आला, आणि जगदेव त्याच्याकडे पाठ करून बसलेला. ट्रकने हॉर्न दिला नाही. कशाला देईल, रस्त्यावर कोणी नव्हतंच. मी उभी राहून ओरडले. बहिऱ्या माणसासाठी, दोन शेतं पलीकडून, बंद काचेतून ओरडले. मितूच्या हातातली वाटी खाली पडली. शेवटच्या क्षणी जगदेव डबा घ्यायला हलला असावा, कारण ट्रक एकदम वळला, बाभळीच्या फांद्या मोडत कडेला उतरला आणि थांबला. धुळीत मला काही दिसेना.

मितूला प्रयागबाईंच्या हातात कोंबून मी अनवाणी पळाले.

ड्रायव्हर खाली उतरून पायरीला धरून उभा होता. तोंडाने शिव्या चालू होत्या. "अरे, मैं समझा गिट्टी का ढेर है! आदमी है तो आदमी जैसा दिखना चाहिए ना!"

जगदेव उभा होता. खरचटलंसुद्धा नव्हतं. डबा कलंडून डांबर रस्त्यावर पसरत होतं. त्याने आधी पायाकडे पाहिलं, मग बंडीचा पदर उचलला आणि आतलं केशरी निरखून बघितलं.

"लागलं नाई," त्याने मला सांगितलं. माझी समजूत काढायच्या आवाजात.

मला रडू येत होतं आणि रागही. मोडलेली एक बाभळीची काडी उचलली, डांबरात बुडवली, आणि तो पदर धरून उभा होता तिथेच केशरी कापडावर खांद्यापासून कमरेपर्यंत ओढली.

"बाई! काय केलं वो बाई!"

ट्रक अंगावर आला तेव्हा तो इतका घाबरला नव्हता. माझ्या हाताने मी नाड्या सोडल्या, बंडी उलटवली, परत त्याच्या अंगात घातली. त्याने विरोध केला नाही. आता जपण्यासारखं काही राहिलं नव्हतं. नव्या कापडाचा सत्यानाश झाल्यावर माणूस उभा राहतो तसा तो हात लांब धरून उभा होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

ड्रायव्हरने विडी पेटवली. "अब दिखता है," म्हणाला. "ये पहले सीधा क्यूं नहीं पहना?"

मी कलंडलेला डबा सरळ केला.

दुसऱ्या दिवशी पंजाबराव घरी आले. ह्यांनी चहा सांगितला. पंजाबरावांनी चहा घेतला, मितूला खुळखुळा वाजवून दाखवला आणि मग विषयाला हात घातला. "वहिनी, सरकारी मालाची नासाडी झाली."

"मी केली. माझ्या नावावर मांडा."

"तुमचं नाव मस्टरवर नाई ना. नेमात वापरनारा हाय, बिघडवनारा नाई."

"त्याच्या पगाराला हात लावलात तर मी अकोल्याला जाऊन सांगेन, की खात्याने ट्रकवाल्याला गिट्टीचा ढीग कसा दाखवला."

हे चहात बघत बसले. पंजाबराव माणूस वाईट नव्हता. कप खाली ठेवून म्हणाले, "सध्या कापत नाई. घालू द्या. पन पावसायाच्या आंधी तपासनी हाय. तवा डागी माल जमा करूनच घ्या लागते. नवी मंग पुढल्या मार्चात."

"आणि मार्चपर्यंत त्याने काय घालायचं?"

"आतापर्यंत काय घालत होता?"

जयंतीच्या मिरवणुकीत जगदेव पांढऱ्या सदऱ्यात आला. बंडी आणली नव्हती. जयभीम केला, पण आवाज लहान होता, आणि माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला लागलं. पण वळणावर मात्र तो रोज केशरी दिसायचा, छातीवर माझा काळा ओरखडा घेऊन. मितूला भरवताना मी पूर्ण वाटी संपवायला लागले.

मेच्या शेवटी ह्यांची बदली झाली, दर्यापूरला. हुकमात 'लोकहितार्थ' असं लिहिलं होतं. निघायच्या दिवशी गोजराबाई अजून केनवडहून आली नव्हती, नव्या वर्षाचे पैसेही आले नव्हते. जगदेवने आमचं सामान ट्रकमध्ये चढवायला मदत केली. मी त्याला हातवाऱ्यांनी विचारलं, बंडी जमा करायला सांगतील तेव्हा? तो म्हणाला, "सरकारची हाय बाई. मागतीन तं देईन."

इथे दर्यापूरला माझ्या खिडकीसमोर कापसाच्या जिनाची, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याची, भिंत आहे. मितू चालायला लागली, तिच्यासाठी बरंच झालं. तपासणी कधीच होऊन गेली असेल. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "आता तो आपला रस्ता नाही, अंजू." प्रयागबाईंना दोन पत्रं टाकली. त्यांना वाचता येत नाही, आणि वाचून दाखवणारे यजमान रोलर घेऊन हल्ली कुठल्या रस्त्यावर आहेत कोण जाणे.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्यापैकी कोणी मालेगावहून वाशीमला जाणार असेल, तर गाव संपल्यावर बाभळीचं वळण येतं, तिथे गाडी हळू घ्यायला सांगा. हॉर्नवर भरवसा ठेवू नका. लगेच काही दिसलं नाही तर रस्ता मोकळा आहे असं समजू नका, थांबा, खाली उतरा. जगदेव तिथे आहे का, सोबत कोणी आहे का, आणि त्याच्या अंगावर काय आहे, एवढं बघून मला कळवा.