मॅच पुरी झाली पाहिजे

क्लबचं दिवाळं निघालं हे मास्तरला कुणी तोंडाने सांगितलं नाही. सोमवारी सकाळी तो सरावाला आला, तेव्हा त्याच्या खोलीच्या दारावर कोर्टाचा कागद चिकटवलेला होता आणि आत त्याच्याच खुर्चीत एक पन्नाशीची बाई चष्मा कपाळावर सरकवून खेळाडूंची यादी वाचत बसली होती. ती कोर्टाने नेमलेली प्रशासक. क्लबचा मालक फोन बंद करून केव्हाच पसार झाला होता. आता बाई म्हणेल ती पूर्व दिशा.

तिने त्याला बस म्हटलं नाही, पण उठून खुर्ची दिली. मग विचारलं, "तीन गोलकीपर कशाला? खेळतो तर एकच ना?"

मास्तर हसला. पुढचे दोन महिने त्याला हसायला फारसं काही मिळणार नव्हतं.

मास्तर बावन्न वर्षांचा. याच मैदानावर अकरा वर्षं बचावाला खेळलेला. तेव्हा लोक त्याला करवत म्हणायचे, कारण त्याच्या अंगावरून जाणारा माणूस धड पायांनी परत येईल याची खात्री नसे. एकाची नडगी त्याने अशी मोडली होती की आवाज स्टँडच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तो पोरगा पुन्हा कधी खेळला नाही. मास्तर पुढच्याच आठवड्यात खेळला, पण नंतर त्याने स्वतःच्या रागाला असं काही कोंडून घातलं की कोच झाल्यावर त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नाही. नवे खेळाडू त्याला देवमाणूस समजत. जुने समजत नसत.

बाईने सरळ मांडलं. गिऱ्हाईकं दोन होती. एकाला मैदानाची जमीन हवी होती, दुसऱ्याला क्लब. लीगने बारा गुण कापलेले असल्यामुळे खालच्या गटात जाणं ठरलेलंच होतं, त्याला इलाज नव्हता. पण दुसरं गिऱ्हाईक क्लब घ्यायला तयार होतं ते एकाच अटीवर.

"क्लब लीगमध्ये राहिला पाहिजे," ती म्हणाली. "आठ मॅच उरल्यात. जिंका, हरा, मला त्यातलं कळत नाही. पण तुमच्यामुळे एक जरी मॅच अर्धवट राहिली, तरी लीग आपल्याला हाकलून देणार. तसं पत्रच आलंय. मग जमीनवाला येईल, बुलडोझर घेऊन."

त्यासाठी माणसं कमी करायची होती. नऊ खेळाडू, आणि मैदानाची निगा राखणाऱ्या दोघांतला एक. नावं मास्तरने लिहायची.

नऊ नावं त्याने तासाभरात लिहिली. दहाव्यापाशी त्याचं पेन अडलं. त्या दोघांतला एक होता त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. सात वर्षांपूर्वी मास्तरनेच त्याला इथे चिकटवला होता. कामाला वाघ. गवताचं पातं न् पातं ओळखायचा. दुसरा म्हातारा झाला होता आणि दुपारी रोलरच्या सावलीत डुलक्या काढायचा. कामाकडे बघितलं तर उत्तर सोपं होतं. पण घरच्या माणसाला ठेवलं तर ते नऊ जण आपल्या तोंडावर थुंकतील, असं मास्तरच्या मनात आलं. त्याने मेहुण्याचं नाव लिहिलं आणि कागद बाईकडे सरकवला.

ड्रेसिंगरूममध्ये त्याने यादी वाचली तेव्हा पाचव्या नावापर्यंत सगळे गप्प होते. सहावं नाव तुफानचं. तुफान म्हणजे संघाचा फॉरवर्ड, चार वर्षं गोल मारून दमलेला. कॅप्टन, ज्याला सगळे खांब म्हणत, तुफानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की शांतपणे घे रे, आणि त्याच क्षणी तुफानने हातातला बूट उलटा धरून खांबच्या कानावर हाणला. बुटाखालचे खुंट कानाच्या पाळीत घुसले आणि पाळी फाटून लोंबायला लागली. दुसरा फटका बसायच्या आत मास्तर मध्ये पडला. त्याने तुफानला फरशी लावलेल्या भिंतीवर आपटला, कोपर त्याच्या गळ्यावर रोवलं आणि दाबलं. तुफानचे पाय बाकावर धडधडत होते. मग धडधड कमी व्हायला लागली. शेवटी रक्ताने माखलेल्या खांबनेच मास्तरला मागून कवटाळून ओढला.

"मास्तर, सोडा. मरेल तो."

तुफान खाली बसून ओकला. मास्तरने आपल्या हातांकडे पाहिलं. मनात खोल कुठेतरी त्याला बरं वाटत होतं. त्याचीच त्याला भीती वाटली.

मेहुणा दुपारी आला. त्याने आरडाओरडा केला नाही. फक्त विचारलं, "दाजी, आधी घरी येऊन सांगता आलं नाही?" मास्तर म्हणाला की सगळ्यांना एकदमच सांगायचं होतं. मेहुण्याने मान हलवली, गेटच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि गेला. घरी बायकोने जेवण वाढता वाढता एवढंच विचारलं की नाव बाईने घातलं की तुम्ही. त्याने खरं सांगितलं. त्या दिवसापासून तिने त्याच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं.

पुढचे आठवडे वाईट गेले. बाई मैदान विकून मोकळी होणार आणि मास्तर तिला सामील आहे, अशी आवई उठली होती. स्टँडमध्ये वर्षानुवर्षं गळा फोडणारी माणसं आता गेटवर दगड घेऊन उभी राहू लागली. बाईच्या गाडीच्या काचा दोनदा फुटल्या. दुसऱ्यांदा ती आत होती. तिने केसांतल्या काचा वेचल्या, कपाळाला पट्टी लावली आणि कामाला बसली. सरावाच्या वेळी जाळीवरून बाटल्या यायच्या. एका संध्याकाळी गोलकीपरला बसथांब्यावर गाठून तिघांनी त्याच्या नाकाचा पार भुगा केला. तोच एक गोलकीपर उरला होता, त्यामुळे तो तोंडाला मुखवटा बांधून खेळला. सात मॅच झाल्या. सहा हरल्या, एक बरोबरीत सुटली, पण पुऱ्या झाल्या.

शेवटची मॅच आपल्याच मैदानावर होती. दुपारी तीनची. क्लब घेणाऱ्याची माणसं संध्याकाळी सह्या करायला येणार होती, आणि कागदपत्रं घेऊन बाई ऑफिसात बसली होती. ऑफिस आणि ड्रेसिंगरूम एकाच बोळाच्या दोन टोकांना. बोळाच्या मध्यावर बाजूचं गेट उघडायचं.

मॅचला पाव तास असताना त्या गेटचं कुलूप तुटल्याचा आवाज आला. मास्तर तेव्हा बाईजवळ ऑफिसात होता. तो बोळात आला तर वीसेक माणसं आत घुसलेली. सगळ्यांच्या पुढे मेहुणा. हातात पहार, गोलपोस्टचे खड्डे घ्यायची. सात वर्षं त्याच पहारीने त्याने या मैदानात खड्डे घेतले होते.

"बाजूला व्हा," मेहुणा म्हणाला. "मला तिच्याशी बोलायचंय."

"पहार ठेव खाली. मग बोल."

मागून कुणीतरी बाटली फेकली. ती मास्तरच्या डोक्याजवळ भिंतीवर फुटली आणि मग सगळंच सुटलं. मास्तरने पहिल्या आलेल्याच्या तोंडावर ठोसा मारला, दाताला लागून स्वतःच्याच बोटांची सालं निघाली. दुसऱ्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. तेवढ्यात पहार बसली, उजव्या बरगड्यांवर. आत काहीतरी कडकन मोडलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि श्वास छातीतच अडकला. तो मागे मागे सरकत ऑफिसात शिरला आणि लोखंडी दार लोटलं. ते पुरतं लागायच्या आत मेहुण्याचा उजवा हात फटीतून आत आला आणि चौकट धरून बसला.

मास्तरने तो हात पाहिला. याच हाताने सायकलची सीट मागून धरून मास्तरच्या मुलीला सायकल शिकवली होती. बाहेर वीस माणसं दाराला धडका देत होती. आत बाई टेबलाला पाठ लावून उभी होती. मास्तरने खांदा लावला आणि सगळं अंग दारावर झोकलं.

किंकाळी अशी होती की बाहेरच्या धडका थांबल्या. दाराचा जोर सुटला. हात अजून फटीत होता, मेहुणा तो ओढत होता, आणि दार बोटभर उघडलं असतं तर तो निघाला असता.

मास्तरने दार पुन्हा लोटलं.

मग पोलिस आले. माणसं पांगली. मेहुण्याला दोघांनी धरून नेलं, हात कुणाच्या तरी शर्टात गुंडाळला होता आणि त्या शर्टाचा रंग ओळखू येत नव्हता. चौकटीवरचं रक्त फरशीवर ठिबकत होतं. बाईचे ओठ पांढरे पडले होते. तिने विचारलं की मॅच रद्द करायची का. मास्तर रक्त थुंकला आणि नाही म्हणाला.

ड्रेसिंगरूममध्ये त्याने फार बोलायचं टाळलं, कारण बोललं की बरगडी आत टोचत होती. "आज मारायचं नाही," तो म्हणाला. "मार खायचा. मैदानावर सातच्या खाली माणसं आली की रेफरी मॅच थांबवतो. एवढं लक्षात ठेवा."

समोरचा संघ कानकोंडा होऊन खेळेल असं कुणाला वाटलं असेल तर ते चुकलं. त्यांनी रक्ताचा वास घेतला होता. पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्या मिडफिल्डरने कोपर मारून मास्तरच्या एका खेळाडूचे पुढचे दोन दात पाडले. विसाव्या मिनिटाला मुखवटा बांधलेल्या गोलकीपरच्या तोंडावर गुडघा बसला. तो उठला, मुखवटा सरळ केला, आणि मुखवट्याखालून रक्त हनुवटीवर आलं तरी तसाच उभा राहिला. खांबला मार खायचं जमलं नाही. त्याने एकाला डोक्याने धडक दिली आणि लाल कार्ड घेतलं. उत्तरार्धात दुसरं लाल कार्ड. बदली खेळाडू दोनच होते, ते केव्हाच उतरले होते. मग एकाचा घोटा फिरला, एकजण टक्कर होऊन बेशुद्ध पडला. स्टँडमधून एक दारुडा उडी टाकून रेफरीच्या अंगावर धावला, तेव्हा बाहेर बसलेल्या खांबने त्याला पोत्यासारखा खांद्यावर टाकला आणि जाळीपलीकडे नेऊन टाकला.

सात उरले. बारा मिनिटं बाकी होती आणि पाच गोल चढलेले. तेवढ्यात डाव्या बाजूचा बचावपटू खांद्यावर पडला. खांदा निखळून हात भलतीकडेच लोंबत होता. तो विव्हळत मास्तरकडे आला आणि मला बाहेर घ्या म्हणाला. बत्तीस वर्षांचा बाप्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आत जा."

"मास्तर, हात निखळलाय."

"दिसतंय मला. पळू नकोस, बॉलला शिवू नकोस. फक्त रेषेच्या आत उभा राहा."

तो उभा राहिला. बारा मिनिटं, डाव्या हाताचं कोपर उजव्या हातात धरून, दातओठ खात. त्यांच्या एका खेळाडूने जाता जाता त्याला मुद्दाम धक्का मारला. तो पडला. सगळं मैदान बघत होतं. तो गुडघ्यावर आला, मग पायावर. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा संघ सहा गोलांनी हरला होता आणि कुणीही टाळी वाजवली नाही. रेफरीने घड्याळ बघून वहीत लिहिलं, मॅच पुरी झाली.

सह्या संध्याकाळीच झाल्या. क्लब वाचला, मैदान वाचलं. मास्तर घरी गेला तर घराला कुलूप. बायको भावाजवळ दवाखान्यात गेली होती. मेहुण्याची दोन बोटं कापावी लागली.

दोन दिवसांनी पोलिसांनी जबाब घेतला. बाई स्वतः बरोबर आली होती आणि वाटेत तिने समजावलं होतं, की जीव वाचवायला दार लोटलं एवढंच सांगा, तेवढ्यावर प्रकरण मिटेल. मास्तरने पहार सांगितली, बरगड्या सांगितल्या, दार सांगितलं. मग म्हणाला की मी दोनदा लोटलं. पहिल्यांदा लोटावंच लागलं. दुसऱ्यांदा गरज नव्हती.

हवालदाराचा हात थांबला. "हे लिहू का?"

"लिहा."

बाईने डोळे मिटले. खटला मास्तरवरही झाला आणि मेहुण्यावरही, आणि नव्या मालकाने खटला असलेला कोच ठेवायला नकार दिला. मास्तरने त्यावर वाद घातला नाही. छातीला पट्टा आवळून तो मेहुण्याच्या घरी गेला. दार मेहुण्यानेच उघडलं. उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या गुंडाळीत.

"दुसऱ्यांदा का लोटलंत?" त्याने विचारलं. जबाबातलं त्याच्या कानावर आलं होतं.

"राग आला होता."

"कशाचा? मी तुमचं काय वाकडं केलं होतं तोवर? पहार मारली ते सोडा. आधी?"

"काही नाही. वाकडं मीच केलं होतं. लोक काय म्हणतील म्हणून तुझं नाव लिहिलं. तू समोर आलास की तेच आठवायचं. त्याचाच राग आला."

मेहुण्याने डाव्या हाताने ठोसा मारला. तो काही डावखुरा नव्हता, पण नेम चुकला नाही. मास्तर पायऱ्यांवर खाली बसला, नाकातून रक्त आलं. मेहुणा दुसऱ्या ठोशासाठी एक पायरी उतरला, मास्तरने हात वर केले नाहीत, आणि तो तिथेच थांबून रडायला लागला. आतून बायको आली. तिने दोघांकडे पाहिलं, भावाला आत नेलं, मग तांब्याभर पाणी आणून नवऱ्याजवळ ठेवलं आणि दार लावून घेतलं. रक्त थांबेपर्यंत मास्तर पायरीवर बसून होता.

ती घरी परतली ती अकराव्या दिवशी. पिशवी दाराशी ठेवून म्हणाली, "चमच्याने जेवतोय आता. डाव्या हाताने." मास्तरने पिशवी उचलून आत नेली.