सव्वापट उन्हाळा

आरमोरीजवळच्या त्या गावातल्या रेशीम केंद्रात कोशांचं बियाणं सांभाळायचं काम विशाखा खोब्रागडेकडे आलं, तेव्हा तिला बी.एस्सी. होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. काम ऐकायला सोपं. टसर रेशमाचे जिवंत कोसे माळा करून खोलीत टांगायचे आणि उन्हाळाभर त्यांना तापू द्यायचं नाही. आतला जीव झोपलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याचं पाखरू होतं, पाखरं अंडी घालतात आणि मग गावातले ढिवर समाजाचे लोक रानातल्या ऐनाच्या झाडांवर अळ्या चढवतात. माळा मेल्या, तर त्या साली गावाचा हंगामच नाही.

सूचना एकच होती : पस्तीस अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. केंद्राचा थर्मामीटर एप्रिलमध्ये फुटला, म्हणून विशाखानं चंद्रपूरच्या बाजारातून एक जुना उचलून आणला. सागवानी पट्टी, पितळी खिळे, कोरलेले आकडे. माथ्यावरचं अक्षर पार झिजलेलं.

मे भरात आला, तरी पारा बत्तिसापुढे सरकला नाही. डोक्यावर टिनाचं छप्पर असून! विशाखा खूश होती. गारव्यासाठी लावलेल्या बांबूच्या तट्ट्यांवर पाणी मारायला घागरी वाहणाऱ्या गिरजाबाईला ती म्हणाली, "राहू द्या बाई, दोनदा मारलं तरी पुरे."

गिरजाबाईनं पदरानं मान पुसली. "मले तर लय गरम होऊन राह्यलं."

"मे महिन्यात कोणाले गरम नाई होत?" तिचा नवरा देवराव, केंद्राचा राखणदार, हसला. "इथी घाम नाई आला, तर माणूस बिमार समजतेत. काच बत्तीस म्हणते, तर बत्तीस."

तिघांनाही ते पटलं. चांद्याकडच्या उन्हाळ्यात घामाला पुरावा म्हणून कोणी विचारत नाही.

आठवड्यानं एका दुपारी देवराव कण्हत आला. "बाई, अंगात कणकण हाय. तुमची काच लावून पाहा ना."

"भाऊ, ती खोलीची आहे."

"मंग मी खोलीतच तर उभा हावो."

विशाखानं हसत पट्टी भिंतीवरून काढली. देवराव ती बगलेत धरून, हात आवळून उभा राहिला. थोड्या वेळानं तिनं पाहिलं. पारा चढला नव्हता, उतरला होता. तिसाच्या जरासा वर.

"तीस? माणसाचं अंग सदतीस असतं, भाऊ."

"म्हणजे मी मेलो का काय?"

गिरजाबाई खदखदून हसली. विशाखाही हसली, पण अर्ध्यातच थांबली. पारा उतरला, म्हणजे खोली माणसाच्या अंगापेक्षा जास्त तापली आहे. आकडे कोणतेही असोत, हे खोटं होऊ शकत नाही. तिनं पट्टीचं वरचं टोक पाहिलं. शेवटचा आकडा ऐंशी. पट्टी आखूड पडली असेल, असं ती इतके दिवस समजत होती.

ती तडक पडवीतल्या चुलीकडे गेली. आंधणाला उकळी फुटली होती. तिनं पट्टी वाफेवर धरून हळूहळू खाली नेली आणि पाऱ्याचा फुगा पाण्यात टेकवला. पारा सरसर चढला आणि बरोबर ऐंशीवर थांबला.

रोमर. सेल्सिअस आणि फॅरनहाइटच्या शेजारी पुस्तकात असणारं तिसरं माप, ज्यात पाणी ऐंशीला उकळतं. त्यावरची गणितं तिनं परीक्षेत फटाफट सोडवली होती, मापक मात्र आयुष्यात पाहिला नव्हता. रोमरची सव्वापट म्हणजे सेल्सिअस. बत्तिसाची सव्वापट…

"चाळीस," ती म्हणाली. "खोली चाळीसला आहे, भाऊ. माझं चुकलं."

"मी बोंबलत होती, तं काच मोठी झाली!" गिरजाबाई म्हणाली. "आता उभी काऊन? माळा काढ. आमच्या घरी ने."

देवरावाचं घर मातीच्या जाड भिंतींचं, वर गवताचं छप्पर. ताप विसरून तोही माळा वाहू लागला. भिंतीला ओली तट्टी लावली, जमीन शिंपली, आढ्याला माळा बांधल्या. विशाखा पाऱ्यापाशी बसून राहिली.

"आता किती?" देवरावानं विचारलं.

"सव्वीस."

"तुमचं सव्वीस का काचेचं?"

"काचेचं. आपलं साडेबत्तीस. चालतं."

मग दोघींनी एकेक कोसा कानाशी धरून हलवला. जिवंत असला तर जड लागतो, मेला असेल तर आत खुळखुळतो. खुळखुळ ऐकली की विशाखाचा चेहरा पडे. पण मेलेल्यांची टोपली भरता भरत नव्हती. बरेचसे कोसे हातात जड लागत होते.

"जड आहे म्हणजे जगेलच का?" तिनं विचारलं.

"ते पाखरूच सांगन," गिरजाबाई म्हणाली.

जूनच्या मध्यावर एका संध्याकाळी काही कोशांची टोकं ओली झाली. टोक मऊ पडून फाकलं आणि चुरगळलेल्या पंखांचं एक पिवळं पाखरू बाहेर येऊन माळेला लटकलं. त्याच्या मागून दुसरं. काळोख दाटेपर्यंत आढ्याखाली सगळीकडे पंख उलगडत होते. काही माळा मुक्याच राहिल्या, त्या राहिल्याच.

"पुरतील का, भाऊ?"

देवरावानं माळांवरून नजर फिरवली. "नाल्याकडचे ऐन यंदा रिकामे ठेवू. बाकी सारे भरतेत. उद्या झाडाखालचं साफ कराले लोकायले सांगतो."