दोन्ही आडनावं आईची

नेझाला घरात घेतलं ती माझी चूक, हे आधीच सांगून टाकते. स्लोव्हेनियाहून आमच्या पालेन्सियाला इतिहास शिकायला आलेली पोरगी. मागची खोली तिला दिली. खाण्यापिण्याला गुणी, पानात काही टाकायची नाही, पण प्रश्नांना धरबंध नाही. आमच्याकडे माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं बापाचं आणि दुसरं आईचं, हे तिला वर्गात शिकवलं आणि राहत्या घराचा वंशवृक्ष काढून आणायला सांगितलं. झालं. बाईसाहेब वही घेऊनच जेवायला बसल्या.

"औरेआ आजी," ती माझ्या आईला म्हणाली, "तुम्ही मेरिनो तेहेदोर आणि तुमची आई ओब्दुलिया, त्याही मेरिनो तेहेदोर. मग तुम्ही तर बहिणी झालात की."

आईने चमचा खाली ठेवला. इथलं शेंबडं पोरसुद्धा असं विचारणार नाही. दोन्ही आडनावं आईची म्हणजे बापाचा पत्ता नाही, हे आमच्याकडे ज्याला त्याला कळतं. कळल्यावर गप्प बसायचं असतं, हेही कळतं.

"त्या बाईचं नाव माझ्या जेवणावर नको," आई म्हणाली आणि काठी टेकत आत निघून गेली. लसणाचं सूप तसंच निवलं.

मी नेझाला स्वयंपाकघरात घेऊन चांगलं झापलं. मग तिचा चेहरा बघवेना, म्हणून सगळं सांगितलं. आई जन्मली १९३६ सालच्या नोव्हेंबरात, यादवी युद्ध पेटलं त्या वर्षी. शाळेत हजेरी पूर्ण नावाने व्हायची, म्हणजे रोज सकाळी साऱ्या वर्गाला तिच्या जन्माची गोष्ट ऐकू जायची. एकोणिसाव्या वर्षी तिने गाव सोडलं ते सोडलंच. ओब्दुलिया गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. आई अंत्यविधीलाही गेली नाही. त्या दिवशी तिने घरातले सगळे पडदे धुतले.

"आणि वडील?" नेझाने विचारलं.

"पळाला असेल कुठेतरी. पुरुष दुसरं काय करतात?"

तिने वही मिटली. मला वाटलं, विषय संपला.

ऑक्टोबरच्या अखेरीस तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. आजोळच्या गावच्या नोंदवहीतला उतारा होता. मे १९३४. वधू ओब्दुलिया मेरिनो तेहेदोर, वर सातुरियो रेबोयो, शेतमजूर. लग्न नगरपालिकेत झालेलं, चर्चमध्ये नाही.

"युद्ध जिंकलेल्यांनी असली लग्नं रद्द ठरवली," नेझा हळू आवाजात म्हणाली. "आम्हाला परवाच शिकवलं. आणि सरांकडे त्यांनी मारलेल्यांची यादी आहे, त्यात सातुरियो आहेत. छत्तीसच्या ऑगस्टमध्ये ट्रकमध्ये घालून नेलं. तुमची आई त्यानंतर तीन महिन्यांनी जन्मली."

अठ्ठावन्न वर्षांची झाले आणि माझ्या सख्ख्या आजोबांचं नाव मला परदेशातल्या पोरीने सांगावं, याची मला लाज वाटली. रागही आला, कोणाचा ते ठरवता येईना. शाळेत आम्हाला राजांच्या सनावळ्या पाठ करायला लावल्या, या ट्रकबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ओब्दुलियापुढे दोनच वाटा होत्या. लाल्याची, म्हणजे डाव्याची, विधवा म्हणवून घ्यायचं, नाहीतर चालू बाई. लाल्यांच्या बायकांची डोकी भादरून गावभर धिंड काढत. ती पोटुशी होती. तिने दुसरी वाट धरली आणि तोंड शिवून घेतलं, अगदी पोटच्या पोरीपुढेसुद्धा. गावानेही भीतीने तेच केलं.

"आजींना सांगायला हवं," नेझा म्हणाली.

"तू फेब्रुवारीत तुझ्या घरी जाशील. इथे मला राहायचंय तिच्याजवळ."

मला खरंच सांगायचं नव्हतं. आईचं काळीज आधीच अधू, आणि त्र्याऐंशी वर्षं ती ज्या रागाच्या आधाराने ताठ उभी राहिली तो काढून घेतला तर खाली काय उरणार, याची मला भीती वाटत होती. पण एकतीस तारखेला आईने दरवर्षीसारखी बादली, ब्रश आणि साबण बाहेर काढला. मृतांच्या सणाआधी कबरी घासायच्या असतात. ती माझ्या वडिलांची घासते, सासूची घासते, सासऱ्याच्या बिनलग्नाच्या आत्याची घासते. मला ते बघवेना. कागद मी तिच्यासमोर ठेवला.

तिने चष्मा लावला. दोनदा वाचलं.

"मे महिन्यात लग्न झालं तिचं," ती म्हणाली.

"हो, आई."

कागदाची घडी तिने बाहीत खोचली. "शेवंतीची आणखी एक जुडी घे. आणि गाडी गावाकडे ने."

गाव चाळीस किलोमीटरवर. वाटभर ती बादली पायांत धरून बसली होती, नेझा मागच्या सीटवर. दफनभूमीची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस सणासाठी फाटक उघडून थांबला होता. मी आजीचं नाव सांगितलं. त्याने मान हलवली.

"भिंतीकडच्या कबरी शहाऐंशी साली काढल्या, बाई. जागा पुरत नव्हती. सगळ्यांची हाडं तिथे आहेत." त्याने कोपऱ्यातल्या सिमेंटच्या लादीकडे बोट केलं. लादीवर एकही नाव नव्हतं.

माझं डोकं सणकलं. "कोणाला न विचारता? माणसं होती ती, बटाटे नव्हते."

"नातेवाइकांना पत्रं गेली होती. ज्यांनी हाडं मागितली त्यांना दिली."

"उगाच थापा मारू नका. आमच्याकडे कसलंही पत्र—"

"आलं होतं, विसि," आई म्हणाली.

मी वळून बघितलं. ती लादीकडे पाहत होती.

"आडनावांवरून शोधलं त्यांनी मला. दोन्ही जुळणारी मी एकटीच होते. मी लिहून पाठवलं, ही बाई आमची कोणी नाही."

नेझाने नळावरून बादली भरून आणली होती. ती तशीच हातात धरून उभी राहिली. आईने वाकून बघितलं, पण गुडघे ऐकेनात. मग तिने हातातली शेवंती खाली ठेवायला घेतली आणि पुन्हा उचलली.

"इतक्या जणांत तिला कसं कळणार, ही माझी फुलं आहेत?" ती म्हणाली.

येताना गाडीत नेझा चाचरत म्हणाली, "आजी, आता अर्ज करता येईल. सरांना विचारलंय मी. वडिलांचं आडनाव लावता येईल तुम्हाला. रेबोयो मेरिनो."

"नको," आई म्हणाली. "तिचं एवढंच आहे माझ्याकडे."

आमच्याकडे शेवंती घरात ठेवत नाहीत, ती मेलेल्यांची. आईने पाण्याचा जग भरला, जुडी त्यात घातली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. मी तिला अडवलं नाही.