जास्तीचे मणी

मित्रांनो, तुम्ही मला अबॅकस म्हणाल, पण माझ्या घरच्या भाषेत मी ‘स्वान्पान’. गडद लाकडाची चौकट, तिच्यात उभ्या दांड्या आणि एक आडवी पट्टी. प्रत्येक दांडीवर पट्टीच्या वर दोन मणी, खाली पाच. निदान मी घडलो तेव्हा तरी तसेच होते.

माझे कूळ चिनी. आमच्याही आधी तिथले लोक बांबूच्या काड्या मांडून आकडेमोड करीत. एककाच्या काड्या उभ्या, दशकाच्या आडव्या, शतकाच्या पुन्हा उभ्या. जिथे शून्य, तिथे जागा मोकळी. पुढे काड्या मागे पडल्या आणि आमचे राज्य आले.

मी तैवानमध्ये एका वैद्यांच्या दुकानात राबलो. ज्येष्ठमध, सुंठ, दालचिनी यांची वजने माझ्यावर जुळत. वैद्यांची बोटे इतकी चपळ, की गिऱ्हाइके औषध विसरून माझी टकटक ऐकत उभी राहत. त्यांच्या माघारी त्यांच्या मुलीने मला अमेरिकेत आणले. त्या लिनकाकू. तिथल्या चँडलर शहरात त्यांनी वर्षानुवर्षे लोकांचे दात दुरुस्त केले. मी मात्र कपाटात बसून राहिलो.

शेजारी अतुल राहत असे, चिप डिझाइन करणारा पुण्याचा इंजिनियर. त्याची लहानगी अनिका अबॅकसच्या क्लासला जाते हे कळताच काकूंनी मला झाडूनपुसून तिच्या हाती दिले. “माझ्या बाबांची एक खास रीत होती. तुझ्या वाढदिवसाला येईन, तेव्हा शिकवीन,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. मला केवढा आनंद झाला!

पण क्लासमधले अबॅकस जपानी धाटणीचे होते; वर एक मणी, खाली चार. अनिका रडवेली होऊन घरी आली.

“बाबा, धिस वन इज राँग. सगळे हसले.”

“राँग नाही गं, थोडे मणी एक्स्ट्रा आहेत. फिक्स करतो ना,” अतुल म्हणाला.

“अरे, काकूंना एकदा विचार तरी,” त्याची बायको रुचा म्हणाली.

“त्यात काय विचारायचं? दिलाय ना त्यांनी आपल्याला!”

गराजमध्ये त्याने माझी चौकट उघडली. काम सफाईदार केले, ओरखडाही पडू दिला नाही. प्रत्येक दांडीवरून वरचा एक आणि खालचा एक मणी निघाला. ते मणी एका पिशवीत गेले आणि गराज आवरताना पिशवी कचऱ्यात गेली.

वाढदिवसाला केक कापून झाल्यावर काकू अनिकाला घेऊन माझ्यापाशी बसल्या. “बघ हं,” म्हणत त्यांनी वरचे दोन मणी ओढायला बोट टेकवले. एकच आला. बोट पुन्हा वर गेले आणि रिकाम्या दांडीवरून घसरले.

“मीच काढले,” अतुल म्हणाला. “क्लाससाठी. ते एक्स्ट्रा होते ना?”

“आमच्या जुन्या वजनाचे सोळा भाग असत,” काकू हळूच म्हणाल्या. “एकेका दांडीवर पंधरापर्यंत मोजावं लागे. बाबांची सगळी रीत त्या मण्यांवरच...” त्यांनी बोट मागे घेतले. “इट्स ओके. अनिकाला उपयोग झाला ना?”

मित्रांनो, तुमच्याकडेही पूर्वी सोळा छटाकांचा शेर होता. आणि अतुल तर कामावर रोज संगणकाचे, सोळाच्याच पायावर मांडलेले आकडे वाचत असे! त्याचा चेहरा उतरला. “सॉरी, काकू,” एवढेच तो म्हणाला. ‘तरी शिकवाल का?’ असे विचारायला त्याची जीभ रेटली नाही. काकूंनीही पुन्हा विषय काढला नाही.

त्यानंतर अतुल त्यांना टाळू लागला.

“एकदा जाऊन ये ना,” रुचा म्हणायची.

“जातो गं. आधी नवे मणी करून घेतो, मग जातो.”

मणी तयार झाले, तोवर काकू सिएटलला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. अतुलने फोन केला. काकूंना पक्षाघात झाला होता. त्यांची वाचा गेली होती आणि उजवा हात लुळा पडला होता. “आजोबांची रीत? मला नाही येत,” मुलगा म्हणाला. “मला ती कधी शिकावीशीच वाटली नाही.”

नवे मणी माझ्या अंगावर छान सरकतात. परवा अनिकाने वरचे दोन्ही मणी खाली ओढले आणि विचारले, “नाउ व्हॉट, बाबा?”

“माहीत नाही गं,” अतुल म्हणाला.

मित्रांनो, जुन्या वस्तूत काही जास्तीचे दिसले, तर काढण्याआधी विचारा. आणि काढून बसलात, तर शरमेने घरात लपू नका. त्याच दिवशी शेजारचे दार वाजवा.