रिकामा बसला की अडतो

भगवंतराव सरांच्या निरोप समारंभाला एकच दिवस उरला होता आणि रुख्मिणीचा लॅपटॉप पुन्हा अडला. पडद्यावर सरांचा तरुणपणीचा फोटो, मिशी काळीभोर, आणि माऊसचा बाण जागच्या जागी गोठलेला. तिनं बटण दाबून धरलं, मशीन बंद केलं आणि कपाळाला हात लावला.

ती बुलढाण्याला कॉलेजात गणित शिकवायची. पण सातवीपर्यंत ती उंद्री गावच्या शाळेतली, सरांच्या हाताखालची. शाळेच्या जुन्या फोटोंचा छोटा सिनेमा करून द्यायचं तिनं कबूल केलं होतं. त्यासाठी शनिवारी सकाळच्या एसटीनं गावात उतरून ती थेट प्रसेनजितच्या दुकानात येऊन बसली होती. प्रसेनजित तिचा वर्गमित्र. त्याचं गावात फ्लेक्स छापायचं दुकान होतं. समारंभाचा बॅनर त्यानंच छापला होता आणि तो मागच्या भिंतीवर वाळत लटकला होता. शाईचा वास सगळ्या दुकानभर.

"तापून राह्यला असंन," प्रसेनजित म्हणाला. "पंख्यात धूळ बसली असंन. खोलू का?"

"तापत नाई. तापू नये म्हणूनच तं मी उपाय केलता."

उपाय असा होता. उन्हाळ्यात हा लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि मांडीवर ठेवायची सोय नसायची. कुठलाही नग अडू नये म्हणून प्रोसेसरला गरजेपेक्षा जरा जास्तच व्होल्टेज मिळेल अशी सोय कंपनीनं केलेली असते. ते वरचं व्होल्टेज एका लहानशा प्रोग्रॅममधून हळूहळू उतरवता येतं. काम तेवढंच होतं, उष्णता कमी. मात्र जास्त उतरवलं की मशीन ऐनवेळी मान टाकतं. नेमकं कुठं थांबायचं, हे ज्याच्या त्याच्या मशीनवर असतं. रुख्मिणीनं शंभर मिलिव्होल्ट उतरवले होते आणि तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

"म्हणजे उपाशी ठेवलं तू त्याले," प्रसेनजित म्हणाला.

"उपाशी नाई रे. चतकोर भाकर कमी केली."

तिनं परीक्षा लावली. प्रोसेसरला पूर्ण ताकदीनं राबवणारा एक प्रोग्रॅम असतो, तो चालू केला आणि दोघं बघत बसले. पंखा सूं-सूं करू लागला. बराच वेळ गेला, पण मशीन एकदाही अडलं नाही. प्रसेनजितनं तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा वाढदिवसाचा बॅनरही छापून दिला.

"पाह्य, काईच झालं नाई याले," रुख्मिणी म्हणाली. तिनं परीक्षा थांबवली. समोरच्या हॉटेलातून चहा आला. दोघांनी कप उचलले, दोन घोट घेतले, आणि पडद्यावरचं घड्याळ थांबलं.

"आता कोनं हात लावला याले?" प्रसेनजित हसायला लागला. "हा तं माह्या बापासारखा हाय. वावरात दिवसभर राबंन, काई होनार नाई. घरी बसवला का दुखनं सुरू."

रुख्मिणीचा कप हातातच राहिला.

"तेच तं होऊन राह्यलं," ती म्हणाली. "आपन उलटी परीक्षा घेऊन राह्यलो."

मग तिनं त्याला समजावून सांगितलं. काम भरपूर असलं की प्रोसेसर व्होल्टेजही भरपूर मागतो. त्यातून थोडं कापलं तरी त्याचं भागतं. काम नसलं की तो स्वतःच अगदी कमीवर येतो. तिथंही आपली कात्री चालतेच, आणि तिथं कापायला फारसं उरलेलंच नसतं.

तिनं कपात शंभरवरून ऐंशीवर आणली. प्रोसेसरच्या आतल्या लहान मेमरीचं व्होल्टेज वेगळं लावता येत होतं, तिथली कपात तर निम्म्यावरच आणली.

"आता परीक्षा काय?" प्रसेनजितनं विचारलं.

"आता काईच करायचं नाई. त्याले चालू ठेवायचं, हात लावायचा नाई, आपन बसायचं."

"हे मले जमते," प्रसेनजित म्हणाला आणि त्यानं स्टूल ओढलं.

बसल्यावर बोलणं त्याच फोटोंकडे वळलं. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हाचं. मेटाडोरमधून खोकं उतरलं तेव्हा अर्धं गाव पाहायला आलं होतं. सरांनी प्रयोगशाळेची खोली रिकामी करून घेतली आणि लाल कापडाचे पडदे शिवून आणले. चपला बाहेर काढायच्या, हात धुवून यायचं. शनिवारी शाळा सुटल्यावर लाइन, म्हणजे वीज, असली तर एकेकाची पाळी यायची. पाळी म्हणजे काय, तर आपलं नाव टाईप करायचं आणि पडद्यावर पाहायचं. तेवढ्यासाठी पोरं आठवडाभर सरळ वागायची.

"माह्या पाळीले कितीदा तं लाइनच गेली," रुख्मिणी म्हणाली. "मंग मी आत्याकडे गेली बुलढाण्याले. राह्यलंच ते."

"तू गेल्यावरही सर तुह्यं नाव घेत," प्रसेनजित म्हणाला.

"कायले?"

"आता मले काय मालूम! माह्यी पाळी झाली का आवाज देत, रुख्मिणी! कोनी उठे नाई. मंग म्हनत, तिच्या नावानं कोनीतरी टाईप करा बे. मीच करो. स्पेलिंग दरवेळी चुके. सर म्हनत, राहू दे तसंच, ते आली का दुरुस्त करंन. वर्षभर चाललं हे."

 रुख्मिणीला आत्याचं घर आठवलं. पठारावरची थंडी, आणि 'मले-तुले' म्हटलं की वर्गातल्या पोरींचं तोंडावर ओढणी धरून हसणं. संध्याकाळी गावच्या वाटेनं चिखलीकडे जाणारी एसटी दिसली की तिला वाटायचं, आपण निघालो आणि गावानं आपली जागा पाणी भरावं तशी भरून टाकली. त्याच दिवसांत इथं लाल पडद्याआड कुणीतरी दर शनिवारी तिला हाक मारत होतं. हे तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

"चहा थंडा झाला तुह्या," प्रसेनजित म्हणाला.

तिनं डोळे पुसले आणि माऊस हलवला. बाण हलला. घड्याळ चालू होतं. मग झाकण मिटून पुन्हा उघडून पाहिलं, तर नेमकं तिथं एकदा अडलं. तिनं आणखी दहा मिलिव्होल्ट परत दिले. पुन्हा मिटलं, उघडलं, मिटलं, उघडलं. चाललं. पंखा आता पूर्वीपेक्षा मोठ्यानं वाजत होता, पण तिनं तो वाजू दिला. ऊन उतरायच्या आत सिनेमा तयार झाला.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये तो दाखवला. पोरं स्वतःच्या आयांना फोटोत ओळखून ओरडत होती. चाळीस मिनिटांच्या तासाला साठ मिनिटं बोलणारे भगवंतराव सर माईकपुढं उभे राहिले आणि टाळ्या वाजवणाऱ्या लोकांना नुसतं "बसा, बसा" म्हणत राहिले.  रुख्मिणी पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही. तिला त्या हाकेबद्दल विचारायचं होतं. मागं रांग लागली होती, राहून गेलं.

आठवड्यानं सरांच्या सूनबाईंचा, बेबीताईंचा, फोन आला. "ताई, आमच्या घरात आता दुसरं काईच चालत नाई. सकाळ-संध्याकाळ तुमचा शिनेमा. घ्या, मामांजीले बोलायचं हाय."

सरांनी फोन घेतला. ख्यालीखुशाली काही नाही.

"रुख्मिणी, सहलीच्या फोटोत डावीकडून तिसरा शंकर नाही. तो किसन आहे. शंकरला ताप होता, तो आलाच नव्हता."

"हो सर. दुरुस्त करते."

तिनं त्याच दुपारी लॅपटॉप उघडला, फोटोखालचं नाव बदललं, सिनेमा पुन्हा तयार करून पाठवला. थोड्या वेळानं सरांचं उत्तर आलं, "आता बरोबर."